विचर ३ तीनदा सोडलास, तरी आरपीजी सोडू नकोस

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू धुळ्यात राहतोस. आजवर मोबाइलवर बीजीएमआय आणि कॉम्प्युटरवर जीटीए एवढंच खेळलास. आता मोठ्या भावाचा जुना गेमिंग लॅपटॉप हाती आलाय, त्यात जीटीएक्स १६५० कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. लोक आरपीजीवर (रोल-प्लेइंग गेम, ज्यात एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचं) शंभर-शंभर तास घालवतात असं ऐकून विचर ३ सुरू केलास आणि तिन्ही वेळा पहिल्याच गावात कंटाळून बंद केलास. यात आवडण्यासारखं काय असतं, कोणते गेम घ्यावेत, आणि घरात वायफाय नाही, उन्हाळ्यात लाइट जाते, अशा स्थितीत हे जमेल का, हे तुला हवंय.

आधी आवडीचं कारण, कारण ते कळलं नाही तर गेमची यादी देऊन उपयोग नाही.

बीजीएमआयमध्ये तू आणि तुझं पात्र वेगळे नसता. तुझा नेम चांगला, तर त्याचाही चांगला. आरपीजीत पात्राला स्वतःची ताकद असते आणि स्वतःची उणीव असते. दोन्ही आकड्यांत लिहिलेल्या असतात आणि तुला त्या सांभाळून वागावं लागतं. ही पद्धत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळातून आली. कॉम्प्युटरने फक्त फासे टाकायचं आणि हिशेब ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं. चांगला आरपीजी ओळखायची माझी कसोटी एकच आहे: तू एक गोष्ट निवडलीस तर दुसरी खरोखर बंद होते का, आणि गेम ते पुढे लक्षात ठेवतो का? ग्राफिक्स, नकाशाचा आकार, शंभर तासांची लांबी हे सगळं त्यानंतर येतं. आपल्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी लावली की ते रान वर्षभर अडकतं, म्हणून लावण्याआधी माणूस दहादा विचार करतो. आरपीजीतल्या निवडीला तसं वजन असेल तरच मजा आहे.

आता हे आकड्यांत दाखवतो, कारण इथे मोघम बोलून काही कळत नाही.

‘डिस्को एलिसियम’ हा झेडए/यूएम या मूळच्या एस्टोनियातल्या गटाने २०१९ मध्ये काढलेला गेम. यात तलवार नाही, बंदुकीची लढाई नाही. तू एक पोलीस आहेस, रात्रभर इतकी प्यायला आहेस की स्वतःचं नावही आठवत नाही, आणि हॉटेलच्या मागे झाडाला एक मृतदेह लटकतोय. चार मूळ गुण आहेत आणि प्रत्येकाखाली सहा, अशी एकूण २४ कौशल्यं. सुरुवातीला चारही गुणांत मिळून १२ गुणांक वाटायचे; कुठल्याही गुणात कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६. काही करायचं म्हटलं की दोन फासे पडतात, त्यांच्या बेरजेत कौशल्य मिळवलं जातं, आणि ते ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त भरलं तर काम होतं.

समज आकडा १० आहे. तुझं कौशल्य २ असेल तर फाशांवर ८ किंवा जास्त हवेत. ३६ पैकी १५ जोड्या, म्हणजे साधारण ४२ टक्के. कौशल्य ४ असेल तर ६ किंवा जास्त पुरतात. ३६ पैकी २६ जोड्या, म्हणजे ७२ टक्के. दोनच गुणांकांत ३० टक्क्यांचा फरक पडला. दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवर जास्त वेळा येते, म्हणून मध्यावर एकेका गुणांकाची किंमत मोठी असते आणि टोकाला कमी. त्यामुळे या गेममध्ये कपडे बदलणं हासुद्धा डाव आहे. एखादं जाकीट +१ देतं आणि नेमक्या प्रसंगी तेवढंच पुरतं. त्यात दुहेरी सहा पडले तर काम नक्की होतं आणि दुहेरी एक पडले तर नक्की फसतं, कौशल्य कितीही असो.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. फाशांच्या या परीक्षेला ‘चेक’ म्हणतात. पांढरे चेक फसले तर त्या कौशल्यात गुणांक टाकून पुन्हा करता येतात. लाल चेक एकदाच. फसला की त्या फसण्यातूनच कथा पुढे जाते, आणि फसलेल्या प्रसंगांचं लिखाण जिंकलेल्या प्रसंगांइतकंच जीव ओतून केलेलं आहे. पहिल्याच खोलीत छताच्या पंख्याला टाय अडकलेला दिसतो. तो ओढताना चेक फसला की तब्येत एकने कमी होते. ‘फिजिक’ हा गुण १ वर ठेवून आला असशील, तर तब्येत मुळातच १ असते आणि गेम सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोवर टायपायी हृदय बंद पडून तू मरतोस. नवखे याला अन्याय म्हणतात. मला ती उत्तम ओळख वाटते: तू कोण आहेस हे गेमने पहिल्याच खोलीत वाचून दाखवलं.

याच्या शेजारी ‘बाल्डर्स गेट ३’ ठेव. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजचा, ऑगस्ट २०२३ चा. इथे वीस बाजूंचा एकच फासा आहे. प्रत्येक बाजूची शक्यता सारखी, म्हणून प्रत्येक +१ म्हणजे सरळ ५ टक्के. आकडा १५ आणि तुझा बोनस ३ असेल, तर फाशावर १२ ते २० हवेत, म्हणजे ४५ टक्के. ‘अ‍ॅडव्हान्टेज’ मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तर तेच ४५ टक्के जवळपास ७० वर जातात. ‘गायडन्स’ नावाचा साधा मंत्र चार बाजूंचा आणखी एक फासा जोडतो, त्याने ५७-५८ पर्यंत पोहोचतोस. म्हणून गटात गायडन्स येणारा एक जण कायम ठेवावा. त्याला खर्च काही नाही आणि संवादात पानोपानी कामी येतो. मात्र संवादातल्या चेकवर खुद्द फाशावरच १ पडला तर सगळे बोनस धरूनही काम फसतं.

इथेच बहुतेक जण स्वतःची मजा घालवतात. चेक फसला की लोड, म्हणजे आधीचा सेव्ह उघडायचा, पुन्हा फसला की पुन्हा लोड. हिशेब बघ: ४५ टक्क्यांचा चेक तीनदा करता आला तर एकदा तरी जमण्याची शक्यता ८३ टक्के होते. मग गोड बोलणारा बार्ड आणि रागीट बार्बेरियन यांत उरलं काय? पात्र बनवताना तू घेतलेला प्रत्येक निर्णय त्या लोडच्या बटणाने पुसला जातो, आणि तीस तासांनी ‘सगळे आरपीजी सारखेच’ असं वाटू लागतं. माझा नियम सांगतो: संवादातला चेक फसला तर पुढे जायचं. लढाईत सगळा गट मेला तरच लोड करायचं. बाल्डर्स गेट ३ मध्ये त्यासाठी ‘इन्स्पिरेशन’ आहेच, एका वेळी चारपर्यंत साठतात आणि एकेक खर्चून फासा पुन्हा टाकता येतो. ते साठवून मरण्यात अर्थ नाही, वापर.

आता तुझ्या विचर ३ कडे येऊ. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा २०१५ चा गेम. तू ‘व्हाइट ऑर्चर्ड’ या पहिल्या गावात तीनदा थांबलास. अडचण नेमकी तिथेच आहे, कारण हा गेम त्या गावात पेरतो आणि त्याचं फळ पुढे कित्येक तासांनी देतो. एक उदाहरण. टोमिरा नावाच्या जडीबुटीवालीच्या झोपडीत लेना नावाची मुलगी पडलेली असते, ग्रिफिन नावाच्या राक्षसाने फाडलेली. तुझ्याजवळचं ‘स्वॅलो’ हे औषध विचरसाठी, म्हणजे तू ज्याच्या भूमिकेत आहेस त्या राक्षस मारणाऱ्यासाठी, बनलेलं असतं, साध्या माणसाला ते विषासारखं. द्यायचं की शांतपणे मरू द्यायचं, हे तू ठरवायचं. तिथे काहीच कळत नाही, गेम शाबासकीही देत नाही. पुढे वेलेन भागातल्या सैनिकी छावणीत तुला त्या निर्णयाचा परिणाम भेटतो. काय भेटतं ते सांगत नाही. पण तीनदा सुरू करून तू एकदाही तिथपर्यंत गेला नाहीस, म्हणजे पेरणी तीनदा केलीस आणि पीक एकदाही पाहिलं नाहीस.

चौथ्यांदा सुरू करताना या क्रमाने कर.

काठिण्य तिसरं ठेव, ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’. नवख्याला सहसा सोपं ठेवायला सांगतात, ते या गेमपुरतं मला पटत नाही. सोप्यावर नुसती तलवार फिरवून सगळं मरतं. मग तेल, औषधं, जादूची चिन्हं, राक्षसांची माहिती यांची गरजच पडत नाही, आणि कंटाळा तिथूनच येतो. हात फारच मागे पडत असेल तर सेटिंगमधून कधीही खाली आणता येतं.

मग मुख्य कथा बाजूला ठेवून नोटीस बोर्डवरचं ‘डेव्हिल बाय द वेल’ हे काम घे. ओडोलन नावाच्या माणसाला उजाड वस्तीतली विहीर वापरायची आहे, पण तिथे दुपारचं भूत फिरतं, ‘नूनव्रेथ’. यात सरळ जाऊन भांडलास तर हरशील, कारण भूत हवेसारखं असतं आणि तलवार लागली तरी त्याला फारसं काही होत नाही. आधी वस्तीत शोध घे, सापडलेली डायरी वाच, विहिरीत उतर, तिथलं ब्रेसलेट घे. मग मेनूत जाऊन बेस्टियरीतलं, म्हणजे राक्षसांच्या माहितीच्या वहीतलं, नूनव्रेथचं पान वाच. त्यात ‘यर्डन’ हे चिन्ह लिहिलेलं असतं. ज्या बाईचं ते भूत आहे तिचा मृतदेह आणि ब्रेसलेट जाळल्यावर भूत प्रकटतं. जमिनीवर यर्डनचं वर्तुळ टाक, ते आत येईपर्यंत थांब, आत आलं की घाव घाल. वर्तुळ संपलं की मागे सरक, स्टॅमिना भरू दे, पुन्हा टाक. मध्येच ते स्वतःच्या तीन प्रतिमा करून तुझ्याभोवती फिरतं. तेव्हा गडबडू नको, पुन्हा यर्डन टाकून त्या प्रतिमा फोड. भुतांवरच्या तेलाची कृती हाती लागली असेल तर तेही तलवारीला लाव. या एका कामात पूर्ण विचर ३ आहे: चौकशी, वाचन, तयारी, मग लढाई. हे करूनही कंटाळा आला तर हा गेम खरंच तुझा नाही, खुशाल सोड.

दोन सवयी इथेच लावून घे. औषधं संपली की पुन्हा गोळा करत बसू नको. पिशवीत कडक दारूची बाटली ठेव आणि ध्यान कर. एकदा बनवलेली सगळी औषधं भरून येतात. आणि क्वेस्टच्या, म्हणजे गेमने दिलेल्या कामाच्या, नावापुढची लेव्हल बघ. तुझी लेव्हल क्वेस्टपेक्षा सहा किंवा जास्तने पुढे गेली तर अनुभवाचे गुण जवळजवळ मिळतच नाहीत. म्हणून नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह उघडण्याचा नाद सोड. माझ्या मते प्रश्नचिन्हांमुळे कंटाळून सोडणारे लोक राक्षसांमुळे सोडणाऱ्यांपेक्षा जास्त असतील. वेलेनला पोहोचलास की ‘ब्लडी बॅरन’ची कथा घे. नवरा, बायको, मुलगी आणि दारू यांच्याबद्दल इतकं प्रामाणिक लिखाण गेममध्ये फार कमी आहे.

बीजीएमआयमुळे तुझे हात तयार आहेत, म्हणून ‘एल्डन रिंग’कडे ओढ वाटेल. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, फेब्रुवारी २०२२ चा. इथे हाताची चपळाई आणि पात्राचे आकडे दोन्ही लागतात, आणि नवखे आकड्यांतच मार खातात. सुरुवातीच्या लेव्हल तलवारीची ताकद वाढवण्यात घालवू नको. ‘व्हिगर’ (तब्येतीचा गुण) आधी २० कर, मग बाकीचं, मध्यापर्यंत व्हिगर ४०. मार वाढवायचा असेल तर लेव्हलपेक्षा शस्त्र सुधारणं स्वस्त आणि जास्त परिणामकारक. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर ते +३ पर्यंत नेता येतं, तेवढं करूनच पहिल्या मोठ्या बॉसकडे, मार्गिटकडे जा. अंगावरचं वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांखाली ठेव. वर गेलं की कोलांटी जड होते, मग कितीही वेळेवर दाबलं तरी मार बसतो. मार्गिट मुद्दाम काठी हवेत धरून थांबतो. तुझी सवय हात उगारला की लगेच उडी मारायची असेल, ती तो बरोबर पकडतो. काठी खाली यायला लागली की कोलांटी मार, त्याआधी नाही. नाहीच जमलं तर त्याला सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, ताकद वाढव, परत ये. बाहेर पडताच दिसणाऱ्या सोनेरी घोडेस्वाराशीही लगेच भिडू नको. ‘आत्ता नाही, नंतर’ हे तो तुला शिकवायलाच तिथे उभा आहे.

तुझ्या लॅपटॉपवर मात्र एल्डन रिंगला अडचण आहे: त्याची अधिकृत किमान गरज १२ जीबी रॅम आहे. बाल्डर्स गेट ३ ला ८ जीबी आणि जीटीएक्स ९७० च्या तोडीचं कार्ड लागतं, तुझं १६५० त्याच्या किंचित खाली. म्हणून पहिला खर्च गेमवर करू नको, ८ जीबीची आणखी एक रॅमची पट्टी घाल. लॅपटॉपचं मॉडेल दुकानात दाखव. डीडीआर४ सोडिम, आधीच्याच वेगाची मिळाली की झालं. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की मध्येच अडकणं बरंच कमी होतं. त्यानंतर बाल्डर्स गेट ३ सगळं लो वर, एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करणारी सोय) चालू करून, ३० फ्रेमला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांना, बांधलं तर खेळता येतो. तिसऱ्या अंकातल्या शहरात फ्रेम पडतील, तिथे भार प्रोसेसरवर असतो, कार्डाचं काही चालत नाही. गेम एसएसडीवरच टाक. हार्ड डिस्कवर माणसं आणि भिंती मागाहून उगवतात. विचर ३ सुरू होताना डायरेक्टएक्स ११ निवड, १२ नको. हेअरवर्क्स (केसांचा खास इफेक्ट) बंद, सावल्या आणि झाडांचं अंतर मध्यम.

उन्हाळ्याचं बोलायचं तर मे महिन्यात धुळे-जळगावकडे पारा ४४-४५ ला गेला की खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो. प्रोसेसर ९५ अंशांपुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो, गेम दहा मिनिटं छान चालून मग धापा टाकायला लागतो. लोकांना वाटतं गेम खराब आहे किंवा कार्ड गेलं. उपाय फुकट आहेत. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के कर. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, तापमान लगेच खाली येतं, आणि या गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. फ्रेम ४० किंवा ३० ला बांध. मागची बाजू दोन बोटं उंच ठेव. जुना लॅपटॉप आहे तर एकदा उघडून पंख्यातली धूळ काढून घे आणि थर्मल पेस्ट बदल. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नको. त्या हवेत ओल असते, पाण्याचे बारीक तुषार असतात, आणि आपल्याकडचं क्षाराचं पाणी बोर्डावर बसलं तर वाळल्यावरही गंज सोडत नाही. झोत तुझ्या अंगावर, लॅपटॉप बाजूला.

लाइट गेली की लॅपटॉप बंद पडत नाही, पण बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला वीज कमी मिळते आणि फ्रेम एकदम निम्म्यावर येतात. पाळीपाळीने किंवा संवादावर चालणाऱ्या गेममध्ये याने काही बिघडत नाही, बाल्डर्स गेट ३ किंवा डिस्को एलिसियम तुझ्यासाठी थांबून राहतो. एल्डन रिंगमध्ये मेनू उघडला तरी शत्रू थांबत नाहीत, तिथे त्या क्षणी मरण ठरलेलं. लोडशेडिंगची वेळ माहीत असेल तर त्या तासात कोणता गेम लावायचा हे यावरून ठरव. बॅटरी पार संपून मशिन सेव्ह लिहिताना बंद झालं तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून आठवड्यातून एकदा सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर घे: विचर ३ चा डॉक्युमेंट्समध्ये ‘द विचर ३’च्या आत ‘गेमसेव्ह्ज’, एल्डन रिंगचा ‘ॲपडेटा’, मग ‘रोमिंग’, मग ‘एल्डनरिंग’.

डाउनलोडचा हिशेब आधी कर. दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर विचर ३ चे साधारण ५० जीबी उतरायला २५ दिवस, आणि बाल्डर्स गेट ३ चे १५० जीबी म्हणजे अडीच महिने, तेही दुसरं काहीही न पाहता. स्टीमवर डाउनलोड थांबवून पुन्हा सुरू करता येतो, पण त्याहून सोपा रस्ता आहे. मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल तर त्याच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून गेमचा फोल्डर पोर्टेबल डिस्कवर कॉपी कर, तुझ्या मशिनवर त्याच जागी ठेव, आणि मग तुझ्या खात्यातून इन्स्टॉल दाब. स्टीम आहेत त्या फाइली तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं. गेम तुझ्या खात्यावर विकत घेतलेला मात्र हवा. सेलमध्ये जुने गेम बरेच स्वस्त होतात, मोठे सेल उन्हाळ्यात आणि डिसेंबरात असतात. आणि घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर स्टीम पैसे परत देतं. आपल्या मशिनवर चालतो की नाही हे बघायला तेवढा वेळ पुरतो. क्रॅक केलेल्या कॉपीचा मोह आवर. व्हायरसचा धोका तर आहेच, शिवाय पुढचे पॅच येत नाहीत, आणि पन्नास तासांनी एखादी क्वेस्ट अडकली की सगळंच अडतं.

आता इंग्रजीबद्दल, कारण हे कोणी स्पष्ट बोलत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, अशा मुलाला आरपीजी अवघड वाटतो त्यात बऱ्याचदा गेमचा दोष नसतो, सबटायटल पळतात हा असतो. म्हणून क्रम भाषेवरून लाव. सर्वांत सोपं ‘क्रोनो ट्रिगर’, १९९५ चा जपानी गेम. वाक्यं छोटी, आणि बटण दाबेपर्यंत मजकूर पडद्यावरून हलत नाही. तसाच ‘अंडरटेल’, टोबी फॉक्सचा २०१५ चा. आकाराने अगदी लहान, कोणत्याही जुन्या डबड्यावर चालतो, पहिल्यांदा सहा-सात तासांत संपतो. यात कुणालाच न मारता शेवटापर्यंत जाता येतं. पहिल्या मोठ्या लढतीत ‘मर्सी’ (दया दाखवून सोडणं) चालत नाही असं वाटेल, तरी दाबत राहा, समोरचे शब्द बदलताहेत का ते वाच. आणि तू लोड करून केलेलं पुसायला गेलास तरी त्या जगातल्या काहींना ते आठवतं. वर लोडबद्दल जे लिहिलं, ते या एवढ्याशा गेमने जगात सर्वांत नेमकं पकडलं आहे. म्हणून तू सुरुवात अंडरटेलपासून कर, मग विचर ३ ला परत जा. डिस्को एलिसियम मला सर्वांत प्रिय असला तरी त्याचं इंग्रजी जड आहे, तो तिसरा किंवा चौथा घे. मजकूर बाजूच्या पट्टीत साठत राहतो, वर सरकवून पुन्हा वाचता येतो, एवढी सोय त्यात आहे.

फोनवरच खेळायचं असेल तर पैसे एकदाच घेणारे गेम बघ: क्रोनो ट्रिगर, ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’, ‘स्टारड्यू व्हॅली’. शेवटचा शेतीचा आहे, ऋतू २८ दिवसांचा, आणि २५ तारखेला लावलेलं चार दिवसांचं पार्सनिप ऋतू बदलताच वाळतं, एवढं ध्यानात ठेवलं की तोटा होत नाही. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ फुकट आहे आणि दिसायला सुंदर आहे, पण त्याचं गणित समजून मगच हात लाव. पाच ताऱ्यांचं पात्र एका खेपेत मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, आणि खात्री ९० व्या खेपेला. एका खेपेला १६० प्रायमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे सर्वांत वाईट वेळी १४,४०० प्रायमोजेम, आणि तरीही पहिल्यांदा येणारं पात्र तुला हवं तेच असेल असं नाही. माझ्या कसोटीत तो इथेच नापास होतो. इथे पात्र तू घडवत नाहीस, ते नशिबाने किंवा पैशाने हाती येतं. खेळलास तरी कार्ड जोडू नको.

भावासोबत बसून खेळायचं असेल तर लारियनचाच २०१७ चा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ घे. बाल्डर्स गेट ३ पेक्षा तुझ्या मशिनला हलका आहे, आणि दोन कंट्रोलर लावले की एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतो. यात शत्रूंना दोन वेगळी चिलखतं असतात, एक शरीराच्या माराविरुद्ध आणि एक जादूविरुद्ध. ते चिलखत संपेपर्यंत खाली पाडणं, गोठवणं यांतलं काहीच लागू होत नाही. दोघं तलवारवाले आणि दोघं जादूवाले असा गट केलास तर अर्धे एक चिलखत फोडत बसतात आणि अर्धे दुसरं, दोन्ही उशिरा फुटतात आणि पहिल्या बेटावरच अडकता. सुरुवातीला तिघांचा मार एकाच जातीचा ठेवा. तेल, पाणी, आग, वीज यांच्या पृष्ठभागांवर लक्ष ठेवा. तेलात उभ्या माणसाशेजारी आगीचा बाण मारला की आपलाच माणूस जळतो. आणि संवादात जो आधी जाऊन बोलतो त्याचंच कौशल्य मोजलं जातं, म्हणून दार ठोठावायला ज्याचं ‘पर्सुएजन’ (पटवण्याचं कौशल्य) जास्त आहे त्याला पुढे पाठवा, दुसऱ्याने तोवर मागे थांबायचं.